चारशे बिल्ले

ताईने टोपली उलटी केली, तसे पत्र्याचे बिल्ले खणखणत जमिनीवर पसरले. चार महिने घाम गाळून तिने जंगलातल्या चारशे झाडांवर हे क्रमांकाचे बिल्ले तारेने बांधले होते.

"सगळे काढलेस, मावशी?"

"सगळे. दोन दिवस लागले." वस्तीतल्या या म्हातारीला पश्चात्ताप कसा तो नव्हता. "झाड तोडायचं ठरलं की आम्ही त्यावर खूण करतो. तू तर चांगली चांगली झाडं वेचून खुणा केल्यास. विचारायचंस तरी!"

ताईने कपाळाला हात लावला. विचारायला हवं होतं, चूक तिचीच होती. पण तासाभरात पाहणी अधिकारी येणार होता. या जंगलात कोणी राहतच नाही, असं झाडं तोडायला निघालेल्या कंपनीने लिहून दिलं होतं. वस्तीने राखलेली झाडं म्हणून ताईने यादी दिली होती, ती खोटी ठरली तर तोडीला परवानगी मिळणार होती. आता हातपाय गाळून चालणार नव्हतं. तिने यादी काखोटीला मारली.

"चल, मावशी. बिल्ल्यांशिवाय दाखवू."

कोरी खोडं पाहून अधिकाऱ्याने नाक मुरडलं.

"क्रमांक दोनशे चौदा कुठाय? घेर चौदा फूट, खोडात ढोली."

"पाखराची ढोली की माश्यांची?" मावशीने विचारलं.

अधिकाऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला. ताई म्हणाली, "मधमाश्यांची."

"मग तसं सांगा की!" म्हणत मावशी ओढा ओलांडून निघालीही. झाडाभोवतीची फीत बरोबर चौदा फुटांवर थांबली.

दुपारपर्यंत सतरा झाडं झाली. हे सासूच्या आवडीचं, ते आळशी, तीन वर्षांतून एकदा फळणारं. मावशीच्या तोंडाला खळ नव्हता. अधिकारी घामाघूम झाला होता. अठराव्या झाडापाशी त्याने फीत गुंडाळली.

"या झाडाकडे कधीपासून येता?"

"पहिल्यांदा आले ती आईच्या पाठीवर. चालता कुठे येत होतं!"

तो खोडाला टेकून बराच वेळ लिहीत राहिला. मग सहीसाठी कागद ताईपुढे धरला. तिने तो दोनदा वाचला. तिचे डोळे भरून आले.

"काय लिहिलंय गं?" मावशीने विचारलं.

"इथे माणसं राहतात, असं."

मावशीने दोघांकडे वळून कमरेवर हात ठेवले.

"एवढ्यासाठी मला सकाळपासून चालवलंत?"