पाना गेणभाऊंच्या हाती

मी राजुरीच्या गेणभाऊंची सायकल बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण गेणभाऊ ओसरीवर बसलेत आणि त्यांचे कान फार तिखट.

१९९४ साली मी नारायणगावच्या दुकानातून आले. तेव्हापासून त्यांना एकच घोर. "दुरुस्तीला टाकली की गेली समजा. नवे छर्रे काढून घेत्यात अन् जुने घालत्यात," असं ते बायकोला, सारजाबाईंना, सांगायचे. खोटं कशाला बोलू, मलाही दुरुस्ती करणाऱ्या सायकलवाल्याच्या नजरेचा भरवसा वाटत नव्हता.

मग त्यांनी शक्कल लढवली. बेल्ह्याच्या बाजारात हंड्या-कळश्यांवर नावं घालणारा बसतो. त्याच्यापुढे माझं मागचं चाक आणि दोन्ही पायडलं नेऊन ठेवली आणि सगळ्यांवर 'गेणभाऊ, राजुरी' असं घालून घेतलं. लग्नातल्या भांड्यासारखी माझी गत झाली. मला फार लाज वाटली.

घरी येऊन चाक स्वतःच बसवलं. एका बाजूने पुढे, दुसऱ्या बाजूने मागे. चाक तिरकं आणि चेन ढिली. वर म्हणतात कसे, "कारागीर काय वेगळं करतो?"

त्याच वर्षी जूनपासून त्यांची थोरली मुलगी वैजयंती माझ्यावरून आळेफाट्याला कॉलेजात जाऊ लागली. घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच पोर. चढाला जोर लावला की माझी चेन उतरायची आणि अशी अडकायची की चाक फिरेना. पोर मला उचलत-ढकलत घरी आणायची.

"चेन पडली, आबा."

"चेन मी बसवलीय. ती पडतच न्हाई. कोण भेटलं व्हतं ते सांग."

तिसऱ्या खेपेला त्यांनी कॉलेजच बंद केलं. वैजू दिवसभर कांदे निवडत बसायची. मला तेव्हा वाचा असती तर मी सगळं सांगितलं असतं. फार वाईट वाटायचं.

आठ दिवसांनी गेणभाऊ स्वतः मला घेऊन फवारणीचं औषध आणायला फाट्यावर निघाले. त्याच चढाला चेन पडली. सकाळी गेलेले, दुपारी तीनला मला ढकलत परत आले. सारजाबाई दारातच उभ्या होत्या.

"कोण भेटलं व्हतं एवढा वेळ?" त्यांनी शांतपणे विचारलं.

गेणभाऊ तांब्याभर पाणी प्यायले. मग खाली बघत म्हणाले, "वैजे, उद्यापासून जा कालेजला."

"जाते. आधी पाना द्या."

तिने दोन्ही नट ढिले केले, चाक मधोमध घेतलं, चेन ताणली आणि नट आवळले. गेणभाऊ बघत राहिले. "माझ्यापरास बरं जमतंय की," एवढंच म्हणाले.

वैजू पदवीधर झाली, आता ओझरला शिकवते. मी गोठ्यात टेकून असते.

कॉलेजात असताना तिला कधी उशीर झाला, तर गेणभाऊ हळूच विचारायचे, "चेन पडली का गं?" ती काळी बोटं पुढे करायची. मग ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघायचे, "लई लबाड हाय ही." तो आळ मी अंगावर घ्यायची.

तुम्हाला म्हणून सांगते, त्यांना कळू देऊ नका. वैजूने नट आवळल्यापासून माझी चेन एकदाही पडली नाही.