सावागूचं सुतक

केलासाय, माझा नवरा, गेला तेव्हा सीताफळांची छाटणी चालली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात गाणं बंद झालं. आम्ही पुयुमा, तैवानचे आदिवासी; आमच्या गावात तसंच आहे. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने गायचं नाही, नाचायचं नाही, डोक्यावर फुलं घालायची नाहीत. वर्ष सरताना, डिसेंबरात, गावातले पुरुष डोंगरातून शिकार करून परततात. तेव्हा सुतकातल्यांना वेशीपाशी बाकावर बसवतात, म्हातारे त्यांच्यासाठी गातात आणि त्यांच्या डोक्यावर फुलांचं कडं ठेवतात. मग सुतक फिटतं. ते गावाने फेडायचं असतं, आपलं आपल्याला फेडता येत नाही.

हे माझ्या पोराला, सावागूला, ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. माझ्याच मांडीवर बसून त्याने ते बघितलंय.

सावागू तैपेईत गातो. इतकी वर्षं तिथल्या बारमध्ये पिणाऱ्यांना गाणी ऐकवून त्याचा घसा बसला, पण कुणी हिंग लावून विचारलं नाही. आणि नेमकं या उन्हाळ्यात समुद्रकाठच्या मोठ्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं, तेही मुख्य मंचावर. तो गिटार घेऊन घरी आला आणि मला म्हणाला, बाबांनी ट्रक चालवताना रचलेलं गाणं गाणार आहे.

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "गाणं काय पळून चाललंय? सुतक फिटलं की गा."

"डिसेंबरात कोण बोलावतंय, आई? अशा ठिकाणी नंबर एकदाच लागतो. बाबा असते तर त्यांनीच मला ढकललं असतं."

"बाबा असते तर सुतकच नसतं."

त्याने गिटार भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं, पोरगं समजलं. सकाळी बघते तर गिटारही नाही आणि तोही नाही.

सुतकात मला तिकडे जाणं शक्यच नव्हतं. शेजारची सीकी फोनवर दाखवायला आली. मी नको म्हटलं, तरी बघितलं. आधी चिनी वंशाच्या हक्का बायकांचं पथक झालं, मग तशाच होक्लो पोरांनी ढोल बडवून कान किटवले, मग आमच्यासारख्याच आदिवासी पायवान जमातीच्या म्हाताऱ्याने नाकाने बासरी वाजवली आणि सगळं मैदान गप्प झालं. त्याच्यामागून माझा मुलगा आला. डोक्यावर फुलांचं भलंमोठं कडं होतं. निवेदिका बाई गळा दाटून सांगत होती की याचे वडील नुकतेच गेले, याच्या घरात अजून सुतक आहे, तरीही हा आज वडिलांसाठी गातोय. हे तिला त्याच्याशिवाय कोण सांगणार?

गायला मात्र सुरेख. अगदी बापाचा आवाज. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी त्याच्यावर जास्तच चिडले.

गावात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. वडीलधारे तुकूआजोबा नाक्यावर सुपारी चघळत बसतात, त्यांनीसुद्धा नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

डिसेंबरात तो आला. मीच त्याला बोलावलं होतं. बाकावर आम्ही शेजारी बसलो, मी काळा रुमाल बांधून, तो मान खाली घालून. पुरुष डोंगरातून उतरले, म्हाताऱ्यांनी सूर लावला. तुकूआजोबांनी माझा रुमाल सोडला, डोक्यावर कडं ठेवलं, गालावरून हात फिरवला. सावागूने डोकं पुढे केलं. आजोबा पुढच्या माणसाकडे सरकले.

"आजोबा, मी राहिलो," तो हळूच म्हणाला.

तुकूआजोबा थांबले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू फुलं उन्हाळ्यातच घातलीस, पोरा. घातलेल्या फुलांवर आम्ही काय घालणार?"

मग बायका मला नाचायला ओढून घेऊन गेल्या. सुतक फिटलेल्याने नाचायचंच असतं. मी नाचले. प्रत्येक फेरीला बाक समोर यायचा, आणि गावातला सगळ्यात गोड गळा त्यावर तोंड मिटून बसलेला दिसायचा. माझ्या डोक्यावरचं कडं काढून त्याला द्यावं असं फार वाटलं. पण आईने घातलेल्या फुलांनी काही फिटत नाही.

आता त्याला दर महिन्याला कुठून तरी बोलावणं येतं. सगळीकडे तेच गाणं मागतात, आणि गाण्याआधी कुणीतरी गळा दाटून सांगतंच की याच्या घरी सुतक आहे. लोक टाळ्या वाजवतात. सीकी म्हणते, हा धडधडीत खोटारडेपणा आहे, तुमचं तर केव्हाच फिटलं.

माझं फिटलं. त्याच्याबद्दल ते लोक खरं तेच बोलतात.