दामिनीच्या डब्याचं वाण

विजयमालेने हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं धाडलं ते पांढुर्ण्याच्या दामिनीला. सून अमिता खूश झाली. सासूच्या पोटात काय शिजत होतं, ते तिला काय ठाऊक!

दामिनी म्हणजे विजयमालेच्या धाकट्या बहिणीची, इंदूची, शेजारीण. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला तिने आळीतल्या बायकांना वाण म्हणून 'हार्मोन बॅलन्स'च्या पावडरीचे डबे वाटले. वाणाला नाही कोण म्हणतं? इंदूनेही पदरात डबा घेतला. छातीत गाठ लागते, हे तिने लाजतलाजत दामिनीच्याच कानात सांगितलं.

"घाबरू नको व," दामिनी म्हणाली, "हार्मोन ठिकानावर आले का गाठ आपोआप विरते. सुई टोचली त कॅन्सर पसरते."

झालं! इंदू बिचारी भोळी. डब्यामागून डबे पीत राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं तोवर आजार हाडांत उतरला होता. इंदू गेली, आणि ही बया तेरवीच्या पंगतीतसुद्धा डब्याचे गुण गात होती!

आता अमितालाही गाठ लागली होती.

"उद्याच नागपूरले चाल," विजयमाला म्हणाली.

"आई, तेरवीत घेतलेला दामिनीताईचा डबा सुरू केला ना मी. तेवढा संपू द्या. मावशीनं उशिरा सुरू केला म्हनून तसं झालं, त्याच सांगत होत्या."

विजयमालेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिव्या घातल्या तर सून दामिनीचीच बाजू घेईल, हे ती ओळखून होती. दामिनीचं तोंड दामिनीकडूनच बंद करायचं, असं तिने ठरवलं.

हळदीकुंकवाला दामिनी जरीचं लुगडं नेसून सौसरला विजयमालेच्या घरी आली. सोबत कॉलेजात जाणारी लेक, रुणाली. बसल्याबसल्या दामिनीने बायकांना हार्मोनचं पुराण लावलं. बायका माना डोलावत होत्या, अमिता तर सगळ्यांत पुढे. विजयमालेने दामिनीला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि रुणालीचा हात धरून तिला आईपुढे बसवलं.

"दामिनी, तुह्या डब्यानं गाठ विरते?"

"शंभर टक्के, ताई!"

"मंग पोरीच्या डोक्यावर हात ठेव आन् सांग. उद्या इच्या छातीत गाठ आली, त डबा पाजशीन का नागपूरले नेशीन?"

"अवो, सनासुदीचं हे काय अभद्र बोलून राहिल्या!"

"हात ठेव."

दामिनी हसली, तिने इकडेतिकडे बघितलं. कोणी मदतीला येईना. तिने हात उचलला, तो पोरीच्या केसांपर्यंत नेला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"नागपूरले नेईन," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल! माह्या सुनेले ऐकू जाऊ दे."

"नेईन ना! माही पोटची पोर हाय ते!"

"आन् इंदू? ते कोनाचीच नव्हती?" विजयमालेचा आवाज फाटला. "माही बहीन मारली व तू, सटवे!"

अमिता उठून आत गेली. मोरीत डबा उपडा करून आली आणि सासूला खेटून उभी राहिली. "आई, सकाळच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली. विजयमालेने मान डोलावली, पण तिची नजर दामिनीवरून हलली नाही. एवढ्याने तिचं भागणार नव्हतं.

दामिनी रडायला लागली. "चाल पोरी, घरी चाल," म्हणत तिने रुणालीचा दंड धरला. रुणालीने तो सोडवून घेतला. लहानपणापासून ती इंदूच्याच अंगणात खेळली होती.

"आई," ती म्हणाली, "मंग इंदूमावशीले नागपूरले काऊन नाही जाऊ दिलं तू?"

दामिनी दाराकडे वळली. विजयमाला तिच्याआधी तिथे पोचली आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"सांग तिले," ती म्हणाली. "मले बी ऐकाचं हाय."