काखेतली गादी

मी एक जुनी लाकडी कुबडी आहे, जोडीतली उजवी. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी आता दमले आहे. माणसं पडायची थांबत नाहीत आणि मला बसायला मिळत नाही.

सुताराने मला घडवलं तेव्हा खालच्या दांड्याला सात भोकं पाडली. नट सैल करून दांडा सरकवला की मी उंचाला उंच आणि बुटक्याला बुटकी व्हायची. कंपाउंडर तात्यांनी आम्हा दोघींना त्यांच्या आईसाठी आणलं. आई चालायला लागली तसं त्यांनी आम्हाला दाराआड उभं केलं आणि सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, ज्याला लागेल त्याने न्यावं.

तेव्हापासून मी घरोघर हिंडले आणि दुखण्यांचे स्वभाव शिकले. मोडलेलं हाड आधी जीव नकोसा करतं, मग दीड-दोन महिन्यांत मुकाट्याने जुळतं. सांधेदुखी सकाळी छळते, दुपारी जरा ऐकते. मधुमेहाने तळव्याला पडलेली जखम पुष्कळदा दुखतच नाही, म्हणून तिची मला सगळ्यात जास्त धास्ती. शेवटी एका उंचापुऱ्या बसचालकाकडे होते. त्याला मांडीचं हाड मोडल्यावर स्वयंपाकघरापासून दारापर्यंत यायला चार महिने लागले, आणि दारात पोचल्यावर तो ढसाढसा रडला.

आमच्या गल्लीची एक रीत होती. कुबड्या परत करताना तशाच द्यायच्या नाहीत. आपल्या काखेत जे रुतलं ते पुढच्याला रुतू नये म्हणून जो तो माझ्या डोक्यावर एक घडी बांधायचा. कुणी जुना टॉवेल, कुणी स्वेटरची बाही. तात्यांना त्याचं फार कौतुक. नट मात्र बसचालकानंतर कुणी फिरवला नाही. तो बसचालकाच्या उंचीवर गंजून बसला.

मग शिवणवाल्या मावशी जिन्यावरून घसरल्या. उजवा घोटा मोडला. मावशी ठेंगण्या, त्यामुळे मला काखेत घेतलं की त्यांचा खांदा कानाला भिडायचा. पण त्यांचं लक्ष माझ्या उंचीकडे गेलंच नाही. त्यांना माझ्या चिंध्यांची लाज वाटली. त्यांनी सगळ्या घड्यांवरून कापूस भरलेली मखमली गादी शिवली, टाका शोधून सापडू नये अशी. एवढे लाड माझे कुणी केले नव्हते. मी खुळी, हुरळून गेले.

शाळा उघडायला पंधरा दिवस होते आणि गणवेशांच्या कापडाचे गठ्ठे पडले होते. मावशी डाव्या कुबडीला भिंतीशी टेकवायच्या, टेबलाशी उभ्या राहायच्या आणि सगळा भार काखेतून माझ्यावर टाकायच्या, म्हणजे हात कापायला मोकळे. गादी मऊ असल्याने टोचत काहीच नव्हतं. बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा सून म्हणाली, "आई, जरा बसा ना."

"एवढा थर कापते आणि बसते."

त्या बसल्या नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी त्यांचं मनगट वर उचलेना. कात्री मिटायची, पण उघडायची नाही. सुनेने बोटं धरून उघडून दिली तरी पुन्हा तेच. घोटा मोडला तेव्हा मावशी रडल्या नव्हत्या. आता त्या म्हणाल्या, "पाय गेला असता तरी चाललं असतं गं मला."

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आधी हात पाहिला, मग मला पाहिलं. गादी उसवून एकेक घडी टेबलावर मांडली. नऊ निघाल्या, चांगली चार बोटं उंची.

"काखेतून हाताची नस जाते, मावशी. इतके दिवस तुम्ही तिच्यावर उभ्या होतात. भार तळहाताने मुठीवर द्यायचा. काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवीच."

"हात परत येईल ना?"

"बहुतेक येतो. कधी ते मात्र सांगता येत नाही."

गणवेशांचं काम दुसऱ्याकडे गेलं. सुनेने कापायचा प्रयत्न केला आणि दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. घोटा बरा झाला, मी कोपऱ्यात उभी राहिले. रोज दुपारी मावशी दवाखान्यात मनगटाला बांधून दिलेली आधाराची पट्टी सोडायच्या, कात्रीत बोटं घालायच्या आणि वाट बघायच्या. मला तिकडे बघवत नसे. माझ्याच अंगाने त्या हाताचा घात केला होता.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी कात्री उघडली. फार नाही, कापडाचा एक पदर जाईल एवढीच. मावशींनी कुणाला हाक मारली नाही. जवळची एक चिंधी ओढली आणि तिचे बारीक बारीक तुकडे होईपर्यंत कापत राहिल्या.

परवा टपालवाला गुडघा दुखावून मला न्यायला आला. मावशींनी त्याला भिंतीशी ताठ उभं केलं आणि काखेपासून टाचेपर्यंत टेप लावली. तात्यांनी तेल घालून नट सोडवला. आता मी त्याच्याकडे आहे आणि पुन्हा जिने चढते आहे.

मित्रांनो, मला सजवू नका. आधी तुमच्या उंचीला लावा, माझी मूठ घट्ट धरा आणि काखेत रेलू नका. आणि बोटांना मुंग्या आल्या तर हातातलं काम तिथेच टाकून बसा. यंदा गणवेश आठवडाभर उशिरा मिळाले. मुलं घरच्या कपड्यांत शाळेत गेली, आणि कुणाचं काही अडलं नाही.