मागचं दार

डॉक्टर सकाळपासून दर्शनी दारात खुर्ची टाकून बसले होते. समुद्राकाठचं त्यांचं जुनं घर आता सांस्कृतिक केंद्र झालं होतं आणि आज तिथल्या बागेचं उद्घाटन होतं. माणसांची रीघ लागली होती. व्यवस्थापक बाई सारख्या येऊन आत चला म्हणायच्या आणि डॉक्टर म्हणायचे, ताई आली की येतो.

ताई म्हणजे थोरली बहीण. डॉक्टरांनी जन्मभर लोकांचे दात उपटले, पण घर संस्थेला दिल्यापासून बहिणीच्या तोंडून एक शब्द काढणं काही त्यांना जमलं नव्हतं. खाऱ्या वाऱ्यानं छप्पर खाल्लं होतं, एकट्याच्यानं निभत नव्हतं, हे तिलाही कळत होतं. मला विचारलंसुद्धा नाहीस, एवढंच ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. आजच्या आमंत्रणावर तिनं भाच्याकरवी निरोप धाडला होता, बघू. या घराण्यात ‘बघू’चा अर्थ काय होतो, हे डॉक्टरांना कुणी सांगायला नको होतं. तरी आपली वेडी आशा.

वडिलांच्या खोलीत आता वाचनालय होतं. ओले कपडे वाळायचे त्या व्हरांड्यात चित्रं टांगली होती. सगळं नीटनेटकं, आणि डॉक्टरांना मात्र आत पाऊल टाकायचा धीर होईना. ताईशिवाय हे घर बघायचं म्हणजे अर्धंच बघायचं.

इतक्यात वाऱ्याचा झोत आला आणि चित्रं भिंतीवर आपटली. बाई वैतागल्या. हे दार पहिल्यापासून असंच त्रास देतं का, त्यांनी विचारलं.

“छे हो, हे दार आम्ही कधी उघडतच नव्हतो,” डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून ताडकन उठले.

समुद्राच्या अंगाचं हे दार बारा महिने बंद असायचं. पाहुणा असो की पोस्टमन, सगळे मागून, स्वयंपाकघरातून यायचे. आलेल्यानं ‘आलो’ म्हणायचं आणि आईनं चुलीपुढून मान न वळवता ओरडायचं, ‘दार लाव’. नाहीतर वाऱ्यानं चूल विझायची. त्या घरात ‘ये’ असं कुणी कुणाला म्हणालंच नाही. आणि डॉक्टर शहाण्यासारखे सकाळपासून भलत्याच दारात बसले होते!

ते वाचनालयातून जवळजवळ धावतच गेले. स्वयंपाकघरात आता गाण्याचा वर्ग भरायचा. गाण्याच्या बाई म्हणाल्या, बाहेर एक आजी केव्हाच्या उभ्या आहेत, या म्हटलं तरी येत नाहीत.

ताई उंबऱ्याबाहेर उभी होती. दोन्ही हातांत कुंडी, कुंडीत जास्वंद. लग्न होऊन जाताना तिनं इथून फांदी नेली होती, तिचंच हे रोप.

“आले,” ती म्हणाली, डॉक्टरांकडे न बघता.

माफीचं एक अख्खं भाषण डॉक्टरांनी पाठ केलं होतं, त्यातलं अक्षर आठवेना.

“दार लाव,” ते कसेबसे म्हणाले.

ताई आत आली आणि फ्रॉकातल्या वयात लावायची तसंच तिनं टाचेनं दार लावलं. चौकट दणाणली. यावरून आईची किती बोलणी खाल्ली होती तिनं.

“ताई,” डॉक्टर म्हणाले, “हे रोप कुठं लावू या?”

“आता सुचलं होय रे विचारायला?” ताई म्हणाली. मग तिनं कुंडी त्यांच्या हातात दिली आणि मोकळ्या हातांनी डोळे पुसले.