कानांची साक्ष

शेवंतीच्या ओल्या देठांचा कडसर वास आणि रेडिओची मंद खरखर, या दोहोंवाचून सुमनमावशी मला आठवतच नाही. अकोटला फुलमळ्यालगतच्या ओसरीत ती हार गुंफत बसे. हात सुईला दिलेले आणि कान रेडिओला.

ही माझी सख्खी मावशी नव्हे. आम्ही काही हौशी मंडळी रेडिओवर कोणत्या वेळी काय लागतं याची यादी संकेतस्थळावर ठेवतो, त्यातली ती एक. अट एकच. छापील वेळापत्रकावर विसंबायचं नाही. कुणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकून कळवलं, तरच ती ओळ यादीत राहते. लष्करच्या भाकऱ्याच त्या! भाजता भाजता एकेक जण कंटाळून गळाला, मीही थकलो, आणि संध्याकाळच्या लोकगीतांना मावशी एकटीच उरली. कार्यक्रम संपला की तिचा फोन येई, "झाला बरं का," आणि लगेच बंद होई. गावात तिला 'रेडिओवाली' म्हणत आणि ते नाव ती दागिन्यासारखं मिरवी.

यंदा थंडी पडता पडता बार्शीटाकळीहून एका श्रोत्याचा खरमरीत फोन आला. "तुमची यादी पाहून रोज रेडिओ लावतो, अन् रोज हिंदीच चालू राह्यते. आयकते कोन तुमच्याइकडं?" मावशीवर शंका घ्यायला मन धजेना. शेवटी अमरावतीहून एसटी धरली.

मार्गशीर्षातला बुधवार होता, दुसऱ्या दिवशीच्या पूजेच्या हारांची घाई होती. उन्हं ओसरीच्या कडेवर येऊन विझत होती. लोकगीतांची वेळ झाली आणि रेडिओवर कुणा अधिकाऱ्याची हिंदी मुलाखत सुरू झाली. मावशीची मान मात्र संथ डोलत होती, सुई ठेक्यात फुलांमध्ये शिरत होती, आणि ओठांवर जात्यावरच्या गाण्याची एक ओळ अलगद फिरत होती. तो चेहरा अगदी तृप्त होता. मी नकळत रेडिओकडे वळलो. माझ्या हालचालीने तिनं वर पाहिलं, मग रेडिओकडे पाहिलं. सुई थांबली.

"हे कोन बोलून राह्यलं?"

"मुलाखत हाये, मावशी. लोकगीतं बंद झाले म्हणते, लय दिवस झाले."

तिनं रेडिओ उचलून कानाशी धरला. त्या अनोळखी आवाजात काहीतरी शोधत असल्यासारखी बराच वेळ ती ऐकत राहिली.

"मंग मी रोज काय आयकून राह्यली होती, बापू?"

अंधारत गेलं, तेव्हा तीच म्हणाली, "कान शाबूत हायेत माहे. पन आता त्याईचा भरवसा नाई. माहं नाव काढून टाक."

परतल्यावर मी यादीतून ती ओळ काढली, आणि जड हातानं तिचं नावही. आता संध्याकाळी फोन येत नाही. त्या सुमाराला मला फार थकल्यासारखं होतं. एखादा कार्यक्रम बंद पडल्याचा दिवस आकाशवाणी केंद्राला ठाऊक असतो. माणसाच्या आत तो कधी बंद पडतो, की पडतच नाही, याची खात्री करून घ्यायला कुणाचे कान आणायचे?