फाटकावरचं नाव

“डॉक्टर, एवढं करू नका. पोरांची नावं शाळेच्या फाटकावर टांगलीत, की त्यांना परत आत यायला फाटक उरणार नाही,” गू सर म्हणाले होते. मी हसले. “सर, विद्यापीठात गेलेल्यांची टांगता, तेव्हा कुठे जातं फाटक?”

तेव्हा आरिन माझ्या पोटात होती आणि मी भलत्याच उत्साहात होते. गू सर व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत शिकवायचे. मी औषधाची नव्हे, अर्थशास्त्राची डॉक्टर; कष्टकऱ्यांच्या मुलांना शिक्षणात, नोकरीत बरोबरीची जागा कशी मिळेल, हाच माझा विषय. परीक्षा देऊन राजधानीत, सोल शहरातल्या विद्यापीठांत गेलेल्यांच्या नावांचे फलक शाळाशाळांवर झळकतात. मग शाळेतूनच कारखान्यात उमेदवारीला गेलेल्यांचे का नकोत? मंत्रालयाला पटलं. मला बढती मिळाली.

या वर्षी त्याच शाळेच्या फाटकावर सेबोमचं नाव लागलं. आरिनला सांभाळणाऱ्या मिसुक मावशींची ही लेक. मावशींनी घरोघरी तांदळाच्या वड्या वाटल्या आणि पोरगी चाँगजू शहराजवळ, मांदू म्हणजे मोमोसारखे सारण भरलेले पुडे गोठवून विकणाऱ्या कारखान्यात गेली.

काही दिवसांनी तिचा मला फोन. “ताई, गारठ्याने बोटं कळेनाशी झालीत. रात्रपाळीलाही उभं करतात. मला घरी यायचंय. आईला नका सांगू, रडेल ती.”

मी मुख्याध्यापकांना गाठलं. त्यांनी नम्रपणे चहा पुढे सरकवला. “एक नाव उतरवलं, तर पुढच्या वर्षी कारखाना आमची पोरं घेणार नाही. आणि डॉक्टर, फलक तुमचीच कल्पना ना?” मंत्रालय म्हणालं, शाळेला विचारा. कारखाना म्हणाला, आईची संमती आहे.

शेवटी मावशींनाच सांगितलं. “आणा ना तिला परत.”

“आणते की. आणि तिच्या काकूला काय सांगू? खाल्लेल्या वड्या ओकून टाका म्हणू?” त्या हसल्या. मग घडी घातलेलं दुपटं उगाच पुन्हा उलगडून घडी घालत बसल्या. “तुम्हीच म्हणाला होतात ना, चांगलं आहे म्हणून?”

काल विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा झाली. पोरं वेळेत पोचावीत म्हणून कचेऱ्या उशिरा उघडल्या, इंग्रजी ऐकण्याच्या पेपरात त्यांना नीट ऐकू यावं म्हणून विमानंसुद्धा खोळंबली. सेबोमचा फोन मात्र काल सकाळपासून बंद. वसतिगृह म्हणतं, कामावर आहे. कारखाना म्हणतो, वसतिगृहात आहे. मावशी लगोलग बसने गेल्या, तर वसतिगृहाच्या रखवालदाराने दारातूनच परत पाठवलं. आत रात्रपाळीच्या मुली झोपल्यात म्हणे. पोलीस म्हणतात, फोन बंद असतो हो या वयात.

आज मावशी पुन्हा गेल्यात. मी आरिनला कडेवर घेऊन फोन लावतेय. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि कुरकुरते.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहत असाल, त्या कारखान्यात असाल, तर एवढं करा. वसतिगृहाचा दुसरा मजला. बारीक आवाज, डाव्या गालावर तीळ. जेवलीस का, एवढंच विचारा तिला. आणि काय म्हणाली ते मला कळवा.